हाडात रुजणारा दात

दात काढल्यानंतर हिरडीवरची जखम दोन-तीन आठवड्यांत वरवर भरून येते आणि सारे पूर्ववत झाले असे वाटू लागते; परंतु त्याच काळात हिरडीखालचे जबड्याचे हाड आक्रसू लागलेले असते. दाताच्या मुळाला धरून ठेवणारे हाड चावण्याच्या दाबावर टिकून असते, तो दाब थांबला की शरीर ते हळूहळू शोषून घेते, आणि पहिल्या वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते. त्यातही बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. दंतरोपण, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘इम्प्लांट’, या उपचाराचे यशापयश मुख्यतः याच हाडावर ठरते. दवाखान्यात मात्र रुग्णाचे पहिले प्रश्न बहुधा खर्च किती आणि दिवस किती हेच असतात, हाड किती उरले आहे आणि हिरडी निरोगी आहे का हे क्वचितच विचारले जाते. हा क्रम उलटा झाला तर रुग्णाचे पुष्कळसे नुकसान टळेल.

रुग्ण ज्याला ‘स्क्रूचा दात’ म्हणतात तो वस्तुतः तीन भागांचा असतो. हाडात बसतो तो आटे असलेला टायटॅनियमचा खिळा, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर व्यासाचा आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा; त्यावर हिरडीतून वर येणारा जोडखुंट, ज्याला दंतवैद्य ‘अबटमेंट’ म्हणतात; आणि सर्वांत वर दाताच्या आकाराची सिरॅमिकची किंवा झिर्कोनियाची कॅप. यांपैकी रुग्णाला दिसते ती फक्त कॅप, आणि तीच सर्वांत सहज बदलता येते. हाडातला खिळा बिघडला तर दुरुस्ती अवघड असते.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे प्रथम लक्षात आले ते दातांवरच्या संशोधनात नव्हे. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवत असत, आणि अभ्यास संपल्यावर ती काढू जाता हाड तिला इतके घट्ट धरून बसलेले आढळे की ती निघेना. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हवेच्या संपर्काने तत्काळ ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर तयार होतो, शरीर त्या थराला परके मानत नाही आणि हाडाच्या पेशी थेट त्याला लागून नवे हाड घडवतात. या प्रक्रियेला अस्थिसंयोग म्हणतात. पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे खिळे १९६५ मध्ये बसवण्यात आले आणि ते चाळीस वर्षांहून अधिक काळ कामी आले. तरीही दंतवैद्यकाच्या जगाने या पद्धतीला व्यापक मान्यता दिली ती १९८२ च्या टोरोंटो येथील परिषदेनंतर.

अस्थिसंयोग घडण्यासाठी हाड जिवंत राहिले पाहिजे, आणि शस्त्रक्रियेतली सारी दक्षता याच एका गोष्टीसाठी असते. हिरडी बधिर करून हाडात आधी बारीक भोक पाडले जाते, मग क्रमाक्रमाने जाड ड्रिल वापरून ते रुंद केले जाते, आणि या वेळी थंड सलाइनची धार सतत सोडली जाते, कारण हाडाचे तापमान एक मिनिटभर जरी ४७ अंश सेल्सिअसपर्यंत चढले तरी तिथल्या पेशींना कायमची इजा होऊ शकते. खिळा बसला त्या दिवशी तो पक्का वाटतो खरा, पण ती पकड केवळ यांत्रिक असते. पुढच्या काही आठवड्यांत आट्यांभोवतीचे दुखावलेले जुने हाड विरघळते, नवे हाड अजून पुरते तयार झालेले नसते, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सर्वांत कमी होते. रुग्णाला या काळात दुखत नसते, सूज उतरलेली असते, आणि नेमका तेव्हाच त्या बाजूने कडक भाकरी किंवा चिक्की चावून पाहण्याचा मोह होतो. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असल्याने तिथे सुमारे दोन ते तीन महिने, तर वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने चार ते सहा महिने थांबण्याची रीत आहे.

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिराती या पार्श्वभूमीवर वाचल्या पाहिजेत. खिळ्याची सुरुवातीची पकड भक्कम असेल, हाड चांगले असेल आणि तात्पुरत्या दातावर चावण्याचा ताण येणार नाही अशी रचना करता येत असेल, तर त्याच दिवशी किंवा काही दिवसांत दात बसवणे शास्त्राला धरून आहे, आणि समोरच्या दातासाठी ते अनेकदा केलेही जाते. हाडाला भरून येण्यास लागणारा काळ मात्र त्यामुळे कमी होत नाही. तो दात तोंडात असताना चालू राहतो, एवढेच. ज्या जाहिरातीत हे सांगितलेले नसते ती रुग्णाला अपुरी माहिती देते.

शस्त्रक्रियेपूर्वी सीबीसीटी हे जबड्याचे त्रिमितीय स्कॅन केलेले असणे उत्तम, कारण साध्या सपाट एक्स-रेवर हाडाची उंची कळली तरी जाडी कळत नाही. खालच्या दाढांच्या मुळांखालून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखले जाते, कारण तिला इजा झाली तर ओठ कित्येक महिने, प्रसंगी कायमचा, बधिर राहतो. वरच्या दाढांवर सायनसची हवेची पोकळी असते, आणि दाढ काढून बरीच वर्षे लोटली असतील तर मधले हाड फारच पातळ उरते. अशा वेळी सायनसचे अस्तर उचलून खाली हाडाची भर घालावी लागते, ज्यामुळे उपचार काही महिन्यांनी लांबतो आणि खर्चही वाढतो. दात काढतानाच इम्प्लांटचा विचार दंतवैद्याच्या कानावर घातला, तर ही भर टळण्याची किंवा कमी होण्याची शक्यता असते.

रुग्णाने आपले आजार आणि औषधे लपवू नयेत, आणि क्षुल्लक समजून गाळूही नयेत. मधुमेह असणे हा अडथळा नाही, पण तो ताब्यात नसणे हा आहे, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी आधी करून घ्यावी. हाडे ठिसूळ होण्याच्या विकारात किंवा कर्करोगात दिली जाणारी अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब यांसारखी औषधे घेणाऱ्यांत जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो, विशेषतः शिरेतून मोठ्या मात्रा घेतलेल्या कर्करोगाच्या रुग्णांत. जबड्यावर किरणोपचार झालेल्यांबाबतही तीच काळजी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, कारण रक्त साकळण्याचा धोका हिरडीतल्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असतो. वाढीच्या वयातील मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत, कारण जबडा वाढतो आणि खिळा जागीच राहतो. उतारवय हा मात्र स्वतःहून अडसर ठरत नाही.

महाराष्ट्रात तंबाखूचा विषय वेगळा काढून सांगणे भाग आहे. धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण वाढते हे सिद्ध आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारी, मावा आणि मिश्री घराघरांत आहेत, आणि सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर ताठरून तोंड उघडणेच कमी होते. असे तोंड दोन बोटांएवढेच उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोहोचत नाही. शिवाय हा विकार कर्करोगाकडे झुकू शकत असल्याने अशा रुग्णाची आधी तपासणी व्हावी, दाताचा विचार त्यानंतर.

नैसर्गिक दात आणि इम्प्लांट यांत एक मूलभूत फरक आहे. दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते; दोहोंमध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते, जे धक्का सोसते आणि खडा चावला गेल्याची जाणीव तत्काळ देते. इम्प्लांटला हे अस्तर नसते, म्हणून झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्री दातांवर बसवायचा गार्ड वापरावा. जंतूंचा शिरकाव झाल्यास तो खोलवर लवकर पसरतो, आणि खिळ्याला किडण्यासारखे काही नसले तरी भोवतीचे हाड सुजून झिजते. हा विकार बराच काळ दुखत नाही, ब्रश करताना येणारे रक्त ही त्याची पहिली खूण. कॅप चिकटवताना हिरडीखाली राहून गेलेले सिमेंटही त्याला कारण ठरते, म्हणून शक्य तिथे स्क्रूने घट्ट करायची कॅप अनेक तज्ज्ञ पसंत करतात. दहा वर्षांनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक इम्प्लांट टिकून असतात असे अभ्यास सांगतात, परंतु त्यामागे फटींतून फिरवायचा बारीक ब्रश रोज वापरणे आणि सहा महिन्यांनी तपासणी करणे गृहीत असते.

प्रत्येक मोकळ्या जागेला इम्प्लांटच हवे असेही नाही. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील तर ब्रिज हा सरळ पर्याय ठरतो. खालचे सर्व दात गेलेल्या वृद्धांना हलणाऱ्या कवळीचा फार त्रास होतो. त्यांच्यासाठी पुढच्या भागात केवळ दोन इम्प्लांट बसवून त्यांवर खटक्याने अडकणारी कवळी देता येते, आणि मॅकगिल विद्यापीठातील २००२ च्या तज्ज्ञ बैठकीने खालच्या जबड्यासाठी हाच प्राथमिक पर्याय असावा असे मत दिले. संपूर्ण जबड्याच्या पक्क्या दातांपेक्षा हा उपाय बराच स्वस्त असतो, तरी तो जितका सुचवला जायला हवा तितका सुचवला जात नाही.

खर्चाचा आकडा विचारताना तो खिळ्यापुरता आहे की जोडखुंट, कॅप, स्कॅन आणि हाडाची भर धरून, हे लेखी घ्यावे. उपचार करणाऱ्याची राज्य दंत परिषदेकडील नोंदणी आणि या कामातील प्रशिक्षण विचारण्यात कसलाही अवमान नाही. दुसरे मत हवे असल्यास मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत ते तुलनेने कमी खर्चात मिळू शकते. खिळ्याच्या वेष्टनावर कंपनीचे नाव, माप आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर असते. ते मागून घेऊन स्वतःच्या फाइलमध्ये चिकटवावे, कारण प्रत्येक कंपनीचे जोडखुंट आणि ते घट्ट करायचे अवजार वेगळे असते, आणि दहा वर्षांनी पुण्यात बसवलेला स्क्रू नाशिकला किंवा दुबईला सैल झाला, तर त्या कागदावाचून तिथल्या दंतवैद्याला कोणते अवजार लागेल हे कळणे कठीण जाते.