ल्युपसची ओळख – ७ : दुखणं पोटाचं, शोध आजाराचा

पोट दुखलं की आपल्याकडे निदान स्वयंपाकघरातच होतं. पित्त झालं, गॅस धरला, बाहेरचं बाधलं. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार; त्याच्या पेशंटबाबत हा अंदाज दर वेळी खोटा ठरतो असंही नाही. या आजारात पोटाच्या बऱ्याच तक्रारी औषधांमुळेच होतात. वेदनाशामक गोळ्या जठराला जखम करतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मळमळतं, मायकोफेनोलेटने जुलाब लागतात. डॉक्टरांनी गोळी किंवा मात्रा बदलली की बहुतेकदा भागतं.

उरलेल्या थोड्यांची मात्र धास्ती घ्यावी. डॉ. विल्यम ऑस्लर यांनी १८९५ मध्ये अंगावर चट्टे आणि पोटात वारंवार कळा अशा रुग्णांची वर्णनं लिहिली. ते सगळे ल्युपसचेच नव्हते, असं आज मानतात. पण चट्ट्यांमागचा आजार आतल्या अवयवांपर्यंत जातो, हे त्यातून पुढे आलं.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे आतड्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांचा दाह. रक्त कमी पडतं, आतड्याची भिंत सुजते, पोटात कळा येतात, उलट्या होतात. सीटी स्कॅनमध्ये आतड्याकडे जाणाऱ्या फुगलेल्या वाहिन्या फणीच्या दातांसारख्या ओळीने उभ्या दिसतात. वेळेत ओळखलं तर शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने हे बरंचसं आटोक्यात येतं. उशीर झाला तर आतडं काळं पडतं आणि तेवढा भाग कापून काढावा लागतो.

खरी फसगत इथेच होते. एरवी आतड्याला भोक पडलं की पोट लाकडासारखं कडक होतं, हात लावू देत नाही. स्टिरॉइड चालू असेल तर पोट मऊ राहू शकतं, तापही चढत नाही. पेशंट बरा दिसतो म्हणून त्याला घरी पाठवलं जाऊ शकतं. त्यात आपल्याकडे आतड्याचा टीबी आहेच. स्टिरॉइड वाढवण्याआधी जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहावंच लागतं.

मागच्या लेखात पाय सुजले की किडनी तपासा, असं लिहिलं होतं. त्यात एक भर घालतो. लघवीत प्रथिनं नाहीत, तरी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरतंय, असं असेल तर प्रथिनं आतड्यावाटे गळत असू शकतात. स्वादुपिंडाला सूज येणं, आतड्याची हालचाल मंदावणं हेही ल्युपसमध्ये घडतं, पण क्वचित.

पोट बिघडलं म्हणून स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबली तर त्यानेच उलट्या होतात, पोट दुखतं, रक्तदाब कोसळतो. उलटीत गोळी पडून जात असेल, तर ती इंजेक्शनने घ्यावी लागते. त्यासाठी दवाखाना गाठा. पोटदुखी थांबत नसेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर रात्र काढू नका. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: “मला ल्युपस आहे आणि स्टिरॉइड चालू आहे.”