मालाची नोंद कशी मांडावी?

शिरूरचा कांदा व दौंडचा गूळ यांची नोंद संगणकात एकत्र ठेवावयाची असल्यास प्रथम स्थिर व चल माहितीची फारकत करावी. मालाचे नाव, जात व माप एका तक्त्यात. प्रत्येक आवकेचे वजन, प्रत, भाव व तारीख दुसऱ्यात. दोहोंस जोडणारा संकेतांक एकच. प्रत ठरविताना कांद्याचा आकार पाहावा, गुळाचा रंग. सर्वांस एकच रकाना लावू नये. १९८८ पासूनच्या जागतिक जकात-वर्गीकरणात ०७०३ या शीर्षाखाली कांद्याशेजारी लसूणही बसतो. म्हणून आपला अंक अधिक सूक्ष्म हवा. एकाच मालास दोन नावे पडली, की आवक विभागते, सरासरी भाव चुकतो, आणि त्यावर विसंबून माल विकणारा शेतकरी नाडला जातो.