उसाच्या सरीतली मोकळी जागा

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. उगवण, मग फुटवे असं करत पानांनी सरी झाकायला साडेतीन-चार महिने जातात. तोवर दोन ओळींमधली जमीन उघडी असते. पाऊस तिच्यावर आदळतो, ऊन तिला तापवतं आणि उसाचं खत तण खातं. उसाच्या रानाचा कस राखायचा तर सुरुवात याच मोकळ्या जागेपासून करावी लागेल.

अडीच-तीन फुटी सरीत दुसऱ्या पिकाला जागाच उरत नाही. साडेचार-पाच फुटी सरीत किंवा जोडओळ पट्टा पद्धतीत उसाला उजेड आणि हवा मिळते, शिवाय मधल्या पट्ट्यात सोयाबीन, भुईमूग येतो. पूर्वहंगामी उसात हरभरा.

ही पिकं जमिनीला काय देतात ते पाहायचं, तर फुलोऱ्यातलं सोयाबीनचं एक रोप मातीसकट अलगद काढून मुळं पाण्यात धुवा. मुळांवर गाठी दिसतील. एखादी नखाने फोडा. आतून लालसर गुलाबी निघाली, तर रायझोबियम जिवाणू कामाला लागले आहेत. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. हवेतलं 78 टक्के नत्र पिकाला थेट घेता येत नाही. जिवाणूंचं जे विकर ते पकडतं, ते ऑक्सिजनने निकामी होतं. लेगहिमोग्लोबिन हा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंच्या श्वसनापुरताच सोडतं. युरियाचा मारा केला, तर मात्र गाठी कमी धरतात.

या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो, हे विसरून चालणार नाही. रोपं उपटून नेली, तर जमिनीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. म्हणून सोयाबीन विळ्याने कापावं, मुळं रानातच ठेवावीत, मळणीचं भुसकट परत सरीत पसरावं. ताग पेरून 45-50 दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास गाडला, तर सगळंच जमिनीला मिळतं. कांदा, बटाटा, गहू हातात पैसा देतात, पण ते जमिनीतून घेणारे. त्यांचं खत वेगळं द्यावं. आंतरपीक कोणतंही असो, मोठ्या बांधणीआधी ते निघालं पाहिजे.

भुसकटासारखंच उसाचं पाचटही रानातच ठेवावं. ते जाळू नये. मात्र त्यात कर्ब फार आणि नत्र थोडं, त्यामुळे कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलंच नत्र ओढतात. खोडव्यात पाचटावर थोडा युरिया टाकतात तो यासाठीच.

आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. एवढं सगळं पोत्यातूनच आणत राहिलो, तर सेंद्रिय कर्बाची झीज भरून निघणार नाही. यंदा सरी रुंद काढा, निदान एका पट्ट्यात द्विदल घ्या आणि लागणीआधी व तोडणीनंतर माती तपासून घ्या. आकडे समोर आले की पुढच्या हंगामाचा निर्णय सोपा होईल.