'खाते बंद होणार' असा बँकेचा मेल आला? आधी पत्ता उघडून बघा

सावदा : केळी विम्याची रक्कम असो की पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता, पैसे येतात बँक खात्यातच. म्हणून "केवायसी अपूर्ण, आज रात्री खाते बंद होईल" असा मेल दिसला की माणूस घाबरून लिंक दाबतो. भामट्यांना तेवढेच हवे असते.

मोबाइलवर मेल उघडला की वर फक्त नाव दिसते आणि नाव कोणीही काहीही टाकू शकतो. 'स्टेट बँक' लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. नावाखालच्या बाणावर बोट ठेवा, पूर्ण पत्ता दिसेल. त्याच्या शेवटी जीमेल डॉट कॉम असेल तर तो बँकेचा मेल नाही, विषय संपला. पत्ता बरोबर दिसला तरी लगेच भुलू नका, त्याचीही नक्कल होते.

खरी गंमत लिंकमध्ये आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या नावावर नेण्यास सांगितले. हे नाव बँकांनाच मिळते. स्टेट बँकेचे आहे 'एसबीआय डॉट बँक डॉट इन'. पण भामटे त्याच्याही पुढे शेपूट जोडतात : 'एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम'. म्हणून लिंक दाबून धरा, पूर्ण पत्ता दिसू द्या. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली रेघ येईपर्यंत वाचा. तिथला शेवट 'बँक डॉट इन' नसेल तर लिंक उघडू नका.

सोबत एपीके फाइल असेल तर हात लावू नका. असले ॲप मेसेज वाचायची परवानगी मागते, ती दिली की ओटीपी परस्पर तिकडे जातो.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते की, ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. त्यामुळे शाखा उघडायची वाट बघू नका. एटीएम कार्डामागच्या नंबरवर फोन करा, तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.