उपचारानंतरचे उपचार : वेल्लोरचे पुनर्वसन-केंद्र

रोग हटला म्हणजे रोग्याचे दुःख संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ताप किंवा साधी दुखापत यांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही ठरते. परंतु माडावरून पडून ज्याचा पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले, किंवा कुष्ठरोगाचे जंतू नाहीसे झाल्यावरही ज्याची बोटे आखडलेलीच राहिली, अशा माणसाला ‘आता घरी जा’ एवढेच सांगून वैद्याचे कर्तव्य संपते काय? पुनर्वसन-वैद्यक ही शाखा याच प्रश्नातून उदयास आली. भारतात तिचा पाया ज्या मोजक्या संस्थांनी घातला, त्यांत तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व रुग्णालय यांचे स्थान मोठे आहे. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू केलेली ही संस्था नफ्यासाठी चालवली जात नाही.

वेदना हरपण्याचा धोका

या कार्याचा आरंभ कुष्ठरोग्यांच्या हातांपासून झाला. पॉल ब्रँड हे अस्थिशल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरला आले. त्यांचा जन्म तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरांतलाच. पुढच्या वर्षी चिंगलपेटच्या कुष्ठधामास भेट दिली असता शेकडो वाकड्या, बोटे झडलेल्या हातांचे दृश्य त्यांनी पाहिले. या हातांचा शल्यचिकित्सेच्या दृष्टीने कोणी पद्धतशीर अभ्यास केला नव्हता. कुष्ठरोग्याचे मांसच नासके असते, त्यावर केलेली जखम भरून येत नाही, असा त्या काळी डॉक्टरांचाही समज होता.

प्रत्यक्ष तपासणीत निराळेच आढळून आले. रोगाचा आघात मुख्यतः मज्जातंतूंवर होतो. कोपर, मनगट अशा ठराविक जागी ते निकामी होतात आणि त्यांच्या आज्ञेत चालणारे स्नायू लुळे पडतात. कोपरापुढील हाताचे कित्येक स्नायू मात्र शाबूत राहतात. तेव्हा अशा धडधाकट स्नायूची कंडरा मूळ जागेवरून सोडवून लुळ्या बोटांना जोडली, तर बोटे पुन्हा उघडमीट करू शकतील, हे उघड होते. पोलिओच्या रोग्यांवर अशा शस्त्रक्रिया होतच होत्या. १९४८ मध्ये वेल्लोरला कुष्ठरोग्याच्या हातावर ती करण्यात आली. जखम इतर कोणाही माणसाच्या जखमेसारखीच भरून आली.

परंतु मग बोटे झडतात ती कशाने? याचे उत्तर एका साध्या प्रसंगाने सुचवले. गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना, तेव्हा तेथील एका लहान रोगी मुलाने ते किल्ली फिरवून सहज उघडले. क्षणभरात जमिनीवर रक्ताचे थेंब दिसू लागले. किल्लीच्या कडेने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते, आणि त्याला त्याची जाणीवही नव्हती. ज्या दुखण्यापासून सुटका व्हावी म्हणून मनुष्य धडपडतो, तेच दुखणे शरीराचे रक्षण करत असते. ते हरपले की चुलीवरचे तापलेले भांडे, पायात रुतलेला काटा, हत्याराची मूठ, हे सारेच शत्रू होतात. रात्री झोपेत उंदरांनी बोटे कुरतडल्याचे उघडकीस आले, तेव्हा रोग्यांना मांजरी पाळायला देण्यात आल्या!

शस्त्रक्रियेने सुधारलेले हात घेऊन काही रोगी परतले ते तक्रार घेऊन. पूर्वी वेडेवाकडे हात पाहून लोक भीक घालत. आता तीही मिळेना, आणि काम तर कोणी देईना. हात दिला, पण त्या हाताला उद्योग दिला नाही, ही उणीव त्यातून ध्यानी आली. १९५१ मध्ये महाविद्यालयाच्या आवारात मातीच्या झोपड्यांचे ‘नवजीवन केंद्र’ उभे राहिले. तेथे रोगी सुतारकाम शिकत, लाकडी खेळणी बनवत. प्रत्येक फोडाची, प्रत्येक ओरखड्याची नोंद होई आणि तो कशाने झाला याचा शोध घेतला जाई. बधिर पावलांसाठी मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या तळव्याच्या चपला याच शोधातून पुढे आल्या. वेल्लोरजवळ करिगिरी येथे १९५५ मध्ये कुष्ठरोगाचे स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाल्यावर या कामास अधिक बळ मिळाले.

चाकांच्या खुर्चीवरील डॉक्टर

पुनर्वसनाच्या कार्यास व्यापक रूप दिले ते मेरी व्हर्गीस यांनी. केरळात जन्मलेली ही तरुण डॉक्टर वेल्लोरलाच शिकली. १९५४ च्या जानेवारीत मोटार उलटून झालेल्या अपघातात त्यांचा मज्जारज्जू दुखावला आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. हातांवरील शस्त्रक्रिया बसूनही करता येते, हे ब्रँड यांनी त्यांना सुचवले. चाकांच्या खुर्चीत बसून त्या कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. रोग्यांच्या मनावर या दृश्याचा जो परिणाम झाला असेल, तो उपदेशाने होणारा नव्हता.

पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्यांनी स्वतःसाठी स्वावलंबनाचे धडे घेतले आणि न्यूयॉर्क येथे हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत या शास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. १९६३ मध्ये वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि १९६६ मध्ये रोग्यांना राहून उपचार घेता येतील अशी पुनर्वसन संस्था सुरू झाली. १९७२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवण्यात आले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

शिकवणे हाच उपचार

अशा संस्थेत नव्याने आलेल्या मज्जारज्जूच्या रोग्यास प्रथम शिकवले जाते ते आपल्या शरीराची राखण करणे. बधिर कातडीवर दीर्घकाळ दाब राहिला की तेथील रक्तपुरवठा थांबून व्रण होतो, आणि असा दूषित व्रण प्राणावर बेतू शकतो. म्हणून बिछान्यात दर दोन तासांनी कूस बदलायची, बसलेले असता हातांवर भार देऊन शरीर वरचेवर उचलायचे. मूत्राशय स्वच्छ नळीने ठरावीक वेळी रिकामे करण्याचे तंत्र तितकेच महत्त्वाचे; त्यात हयगय झाल्यास मूत्रपिंडे बिघडतात. भौतिकोपचारतज्ज्ञ हात व खांदे बळकट करून घेतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ कपडे घालणे, स्वयंपाक, लेखन यांचा सराव देतात. कारखान्यात पायांचे आधार व कृत्रिम अवयव तयार होतात. घरच्या माणसांनाही शिकवावे लागते, कारण पुढील सारे आयुष्य रुग्णालयात नव्हे, घरात जायचे असते. चाकांच्या खुर्चीला उंबरठा अडतो, संडास दूर असतो, रस्ता चिखलाचा असतो. या अडचणी वॉर्डात दिसत नाहीत. त्यांचा विचार मात्र तेथेच करावा लागतो.

हे ज्ञान एका गावात कोंडून ठेवून भागणारे नाही. या शाखेतील पदव्युत्तर डॉक्टर, भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांचे विद्यार्थी आणि परिचारिका वेल्लोरला शिकून दूरदूरच्या रुग्णालयांत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारामुळे कुष्ठरोग आज पूर्णपणे बरा होतो, आणि वेळीच निदान झाल्यास विकृतीही टळू शकते. परंतु निकामी होऊन गेलेला मज्जातंतू औषधाने परत येत नाही. तुटलेला मज्जारज्जू सांधण्याचा उपायही अद्याप हाती आलेला नाही. अशा वेळी रोगी किती बरा झाला, एवढेच विचारून चालत नाही. तो घरी परतल्यावर सकाळी स्वतः उठून कामाला लागू शकतो काय, हे पुनर्वसनाच्या रुग्णालयास विचारावे लागते.