ऑनलाइन शाळेचे जुने पत्ते: परळ, वरळी, नाना चौक

गिरगाव-दादरच्या टायपिंग क्लासांत पिढ्यान्‌पिढ्या मुलं-मुली पिटमनचं शॉर्टहँड गिरवत आली. हेच पिटमन दूरशिक्षणाच्याही आद्य गुरूंपैकी एक! 1840 मध्ये इंग्लंडात स्वस्त टपाल सुरू झालं आणि आयझॅक पिटमन यांनी घरबसल्या धडे पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने उतारा लिहून पाठवायचा, तो तपासून परत यायचा. खरी गंमत या तपासण्यात आहे. पिटमनच्या लिपीत पातळ रेघ म्हणजे ‘प’ आणि तीच रेघ जाड काढली की ‘ब’. पेन्सिलीवर जोर किती पडला, हे दुसऱ्या कुणीतरी बघून सांगावंच लागतं.

स्लाइड शो? परळच्या कामगारांनी तो शंभर वर्षांपूर्वीच पाहिला. कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. तिच्या रात्रशाळा होत्या, फिरती वाचनालयं होती आणि मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवून दिलेली आरोग्याची व्याख्यानंही होती. गिरणीची पाळी सांभाळून शिकायचं, म्हणजे शाळेनेच माणसाच्या वेळेला जुळवून घ्यायचं. त्याआधी 1855 मध्ये पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती, तीही याच विचाराने. डिलाईल रोडला जोशींचं नाव आहे, ते उगाच नाही.

अ‍ॅपवर उत्तर बरोबर आलं की लगेच हिरवी खूण उमटते. त्याचं मूळ 1953 मधलं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. आपलं उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना लगेच कळतच नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी शिकवणारं यंत्र बनवलं.

पडद्यावरचे धडेही जुनेच. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीतून सुरू झालं. त्यावरचा निर्माते आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम तर माझ्या मते या सगळ्यांत भारी! टीव्ही एकतर्फी बोलतो, पण इथे प्रेक्षकांनी गावोगावी ‘ज्ञानदीप मंडळं’ काढली. पाहिलेल्यावर चर्चा करायची, मग कामाला लागायचं. माणसं एकमेकांच्या सोबतीने शिकतात, हे रशियाचे मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की सांगून गेले होते. मंडळांनी ते करून दाखवलं.

आता नाना चौक. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची सुरुवात 1974 मध्ये इथल्याच महापालिका शाळेत झाली. विज्ञान अवघड वाटतं त्यात पुस्तकी भाषेचा वाटा मोठा, हे ओळखून केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी सोप्या भाषेचा आग्रह धरला. व्हिडिओ कितीही चकचकीत असो, ही कसोटी आजही लागू आहे. पुढे 1989 मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुंबईतलं केंद्रही नाना चौकातच आलं.

मुंबई महापालिकेने 2015 मध्ये आठवीच्या मुलांच्या हाती टॅब दिले, 2020 मध्ये तर सगळी शाळाच मोबाइलवर आली. साधनं बदलली, पण वही तपासणारा माणूस लागतोच.

तुमच्या ओळखीत दहावी राहून गेलेलं कुणी असेल, तर त्याला बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा 17 नंबरचा फॉर्म भरायला मदत करा. तो आता ऑनलाइनच भरतात. आणि परीक्षेपर्यंत दर आठवड्याला त्याची वही तपासा.