एसी लावला, पण हवा स्वच्छ झाली का?

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत छत्रपती संभाजीनगरचेही नाव आहे. म्हणजे इथली हवा देशाच्या मानकांत बसत नव्हती. दारे-खिडक्या लावून एसी सुरू केला की काळजी मिटली, असे वाटते. पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. त्याची जाळी जाड धूळ अडवते. फुप्फुसात खोलवर जाणारे पीएम २.५ कण बहुतांशी निसटतात. कूलर तर बाहेरचीच हवा आत ओढतो. जाळीवर जाड फिल्टर चिकटवण्याचा उद्योग नको, हवा अडून थंडावाच कमी होतो. ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण पकडणारा हेपा फिल्टर हवा असेल, तर वेगळा एअर प्युरिफायर घ्यावा लागतो. त्यावर सीएडीआर, म्हणजे ताशी किती हवा स्वच्छ होते, तो आकडा पाहा. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीला साधारण १७० घनमीटर हवेत. एसीची जाळी धुता येते. हेपा बहुधा बदलावाच लागतो. तो खर्च आधीच विचारून घ्या.